लव्हॉनची गाडी आणि व्हर्लिनचं बोट

आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट उचलायचं असतं. पहिलं बोट, तेही जेमतेम. हात हलवायचा नाही, दात काढायचे नाहीत, हॉर्न तर मुळीच नाही. त्या एवढ्याशा बोटात सगळं येतं: बरा आहेस ना, मीही बरा आहे, आता जरा पाऊस पडला तर झकास. आमच्या हॅव्लिक गावापासून काऊंटीच्या हद्दीपर्यंत ज्यानं बोट उचललं नाही तो एकतर बाहेरचा, नाहीतर तुमच्यावर रागावलेला. नेब्रास्कात इतरत्र काय करतात मला माहीत नाही, मी फारशी कुठे जात नाही.

मी ट्विला ह्रुस्का. मी टपाल वाटते. आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात आणि ड्रायव्हर डावीकडे बसतो, पण माझ्या गाडीचं स्टिअरिंग उजव्या बाजूला आहे, म्हणजे खाली न उतरता रस्त्याकडेच्या पेट्यांत टपाल टाकता येतं. टपावर पिवळा दिवा सतत लुकलुकत असतो. या गाडीत बसून निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळे कोण कुठे चाललंय हे मला त्यांच्या बायकांच्या आधी कळतं. पण माझा एक नियम आहे. एका पेटीतलं दुसऱ्या पेटीत जात नाही, टपालही नाही आणि बातमीही नाही. हा नियम मी पाळते म्हणून लोक मला बातम्या सांगतात. बाकी मी भोचक आहे ते आहेच.

व्हर्लिन कुचेराला आमच्या भागात न ओळखणारा माणूस नव्हता. म्हणजे त्याच्या पिकअपला म्हणा. लाल, उंच, मागच्या फळीला बैलानं डोकं मारून केलेला पोचा, आणि चढायला पायरी असूनही वर एक दांडा धरावा लागायचा. जन्मभर तो शेतकऱ्यांच्या को-ऑपच्या धान्यकोठाराचा मुख्य होता. वळणावर ती लाल पिकअप दिसली की लोकांचं बोट आधी उचललं जायचं आणि आत कोण आहे ते मागाहून बघितलं जायचं. खरं तर बघितलंही जायचं नाही. पिकअप म्हणजेच व्हर्लिन.

फेब्रुवारीत एकदा त्याची बायको लव्हॉन पेटीपाशी माझी वाट बघत उभी होती. अंगात व्हर्लिनचा कोट, त्यामुळे नुसता कोटच उभा आहे असं वाटत होतं. लव्हॉनची उंची पाच फूटसुद्धा नाही.

"ट्विला, एक सांगते, पण पोटात ठेव."

"माझ्या पोटात निम्मी काऊंटी आहे. तुझ्यासाठी जागा करते, बोल."

"व्हर्लिनला दिसेनासं झालंय गं. अगदी आंधळा नाही. मधलं जातं. तुझ्याकडे बघितलं तर तुझ्या आजूबाजूचं दिसतं, तू दिसत नाहीस. डॉक्टरनं गाडी बंद केली."

आमच्याकडे गाडी बंद म्हणजे काय, हे गाडीशिवाय शहरात राहणाऱ्याला नाही कळायचं. सर्वांत जवळचं दूधसुद्धा नऊ मैलांवर.

"मग आता?"

"मग आता मी," लव्हॉन म्हणाली आणि चक्क हसली. "पूर्वी चालवायचे की मी. तो एकामागून एक पिकअप घेत गेला आणि दर पिकअप आधीच्या पिकअपपेक्षा उंच. शेवटच्या दोन तर मला चालवताच आल्या नाहीत. पुढे वासरू उभं असतं तरी दिसलं नसतं. या खेपेला गाडी मी निवडली. लिंकन शहरात जाऊन एकेकीत बसून बघितलं. जिच्यात माझे पाय पोचले, ती घेतली."

"कुठली?"

"इटलीची. पुदिन्याच्या गोळीच्या रंगाची. पण कुणाला सांगू नकोस हं. गाडीचं नाही, डोळ्यांचं. त्याला कुणाची 'अरेरे' नकोय. बरा झालो की सांगीन म्हणतो. बरा होणार नाहीये तो, पण म्हणतो."

मी जीभ आवरून नियम पाळायचं कबूल केलं.

ती गाडी मी दुसऱ्या दिवशी बघितली. खोटं कशाला बोलू, मला हसू आलं. कुचेरांच्या खळ्यात, जिथे कापणीचं यंत्र उभं राहायचं तिथे ती अशी दिसत होती की कुणीतरी विसरून गेलंय. व्हर्लिन शेजारच्या सीटवर बसून सराव करत होता. म्हणजे आत जायचा सराव. आधी बूड, मग डोकं, मग एकेक पाय हातानं उचलून आत. सहा फूट तीन इंचांचा माणूस, गुडघे पार हनुवटीपाशी.

"हसून घे, हसून घे," तो काचेतून म्हणाला. तोंड माझ्याकडे नव्हतं. मान वाकडी करून डोळ्याच्या कडेनं बघत होता, कोंबडी बघते तसा. "ही गाडी नाहीये, ट्विला. गाडीचं अंडं आहे. उबवलं की पिकअप निघेल."

"युरोपात म्हणे सगळे यातच फिरतात."

"म्हणूनच आपले आजोबा तिथून पळून आले."

लव्हॉननं गिअर टाकला. गाडी हिसका खाऊन निघाली आणि व्हर्लिनची टोपी पुढच्या काचेला लागली.

लाल पिकअप एलिसेओ बारिओसनं घेतली. ग्वाटेमालाचा मुलगा, म्हणजे आता तीस-बत्तिशीचा असेल. डुकरांच्या मोठ्या गोठ्यावर काम करतो आणि जुन्या गिरणीजवळच्या घरात बायको आणि मेव्हणीबरोबर राहतो. शरदात आलेला, गावात कुणाशी ओळख नाही. गोठ्यावरून घर, घरून गोठा. एका दुपारी तो त्याच्या पेटीपाशी थांबला होता, चेहरा नुसता फुललेला.

"सेन्योरा, तुमच्याकडची माणसं किती चांगली हो! आधी जुन्या गाडीतून जायचो तर कुणी बघायचं नाही. आता बघावं तर सगळे असं करतात." त्यानं बोट उचलून दाखवलं. "म्हातारेकोतारे, पोलीस, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, सगळे! मी पण करतो. बायको म्हणते, आपण इथले झालो."

"असंच उचलत राहा," मी म्हटलं. ते लोक त्याला नाही, त्याच्या पिकअपला ओळखत होते. उन्हात काच चमकते, आतला माणूस म्हणजे एक टोपी आणि एक बोट. एलिसेओला टोपी होती आणि बोटही होतं.

मला मात्र तेव्हापासून एका गोष्टीनं खाल्लं. पिकअपचे नमस्कार एलिसेओला मिळत होते, मग व्हर्लिनला काय मिळत होतं?

लव्हॉनला विचारलं तेव्हा ती पेटीशी कुठल्याशा जाहिरातीच्या कागदाला उगाच घड्या घालत राहिली.

"काहीच नाही," ती म्हणाली. "एकसुद्धा नाही गं. तो सवयीनं उचलतो. समोर काहीतरी आलं एवढं त्याला कळतं, की बोट वर. आणि मग विचारतो, 'कोण होतं? उचललं का त्यानं?' पहिल्या दिवशी गस व्होंड्रा समोरून आला, सरळ बघत निघून गेला. मी म्हटलं, 'गस होता. उचललं.' तोंडातून निघूनच गेलं. तो इतका खूश झाला. मग पुढच्याला पण म्हटलं. आता रोज म्हणते. सगळ्यांनी उचललं. गसच्या आर्लिसनं उचललं, फादर उचलतात, कोण कोण उचलतं. परवा तर म्हटलं शाळेच्या बसमधली सगळी पोरं उचलत होती."

"लव्हॉन!"

"माहितीये. जास्त झालं."

मला लोकांचा राग आला. पण रागाबरोबर कुतूहलही आलं, ते माझ्या बाबतीत नेहमी जोडीनंच येतात. व्हर्लिननं या लोकांचं धान्य चिखलात, बर्फात, रविवारी उतरवून घेतलं होतं. हे असे कसे वागतील? को-ऑपमध्ये सकाळी कॉफीचं टेबल भरतं, तिथे मी टपाल द्यायला जाते आणि जरा जास्तच वेळ थांबते. त्या दिवशी गसनंच विषय काढला. गस व्होंड्रा खत मारायचा धंदा करतो आणि स्वतःही खताच्या गोणीसारखा भरलेला आहे.

"ती पुदिन्याची गोळी बघितली का कुणी?" तो म्हणाला. "कुचेरांच्या रस्त्यावर असते."

सगळ्यांनी बघितली होती. मग टेबलाला जो चेव आला! एक म्हणाला, हरणानं धडक दिली तर हरीणच थांबून विचारेल, लागलं का रे फार? दुसरा म्हणाला, गवताची एक गासडी आत ठेवली तर ड्रायव्हरनं मागून पळत यायचं का?

"अरे पण पेट्रोल किती कमी पिते ती," कोपऱ्यातून कुणीतरी म्हटलं. "आणि माझी बायको म्हणते, पार्किंगला—"

"पार्किंग?" गसनं हात खिडकीकडे केला. बाहेर अर्ध्या मैलावर शेत संपून आभाळ सुरू होत होतं. "युरोपात गल्ल्या आहेत बाबा, तिथे ठीक. आपल्याकडे ते तिथवर सगळं पार्किंगच आहे. मोकळ्या माळावर एवढीशी गाडी घेऊन गेलास तर माणूस हरवलाय समजून शोधायला येतील."

"मग कुणाची असेल ती?" मी भोळेपणानं विचारलं.

"कुणाची म्हणजे? लिंकनच्या नर्सची," गस म्हणाला. "आपल्यातलं कोण घेणार? घरी येऊन बघणाऱ्या नर्सा असतात ना, त्यातली. रोज कुचेरांकडे उभी असते. लव्हॉनचं काही खरं दिसत नाही. अॅश वेन्सडेपासून, उपास सुरू झाल्यापासून, चर्चला नाहीत दोघं."

"आणि हा व्हर्लिन बघा," दुसरा खाली बघत म्हणाला. "बायको अशी, आणि याची पिकअप रोज रात्री गिरणीपाशी. त्या घरात दोन तरुण बायका आहेत म्हणतात."

मी कॉफी नको तितकी ढवळली. एका वाक्यात सगळं सरळ झालं असतं, पण ते वाक्य म्हणजे व्हर्लिनचे डोळे होते आणि ते माझ्याकडे ठेवायला दिलेले होते. त्याच आठवड्यात एलिसेओनं मला पुन्हा गाठलं. "सेन्योरा, माझं काही चुकलं का? आता कुणीच बोट उचलत नाही. मान फिरवतात."

मग मी एक प्रयोग केला. माझी गाडी बिघडल्याची थाप मारली आणि गसला म्हटलं, मला जरा कुचेरांच्या रस्त्यानं घरी सोड. गसची पिकअप म्हणजे दुसरा मजलाच. वर चढून बसल्यावर मला सगळी काऊंटी मांडलेल्या पटासारखी दिसायला लागली. पुलाच्या अलीकडे ती हिरवी गाडी समोरून आली. मी डोळे फाडून बघत होते. आधी टप दिसला. जवळ आली तसा आणखी टप दिसला. शेजारून गेली तेव्हा काचेतून मोठमोठे दोन गुडघे दिसले. गुडघ्यांच्या वर टप. व्हर्लिनचं बोट त्या टपाखाली कुठेतरी वर झालं असणार, पण आम्हा दुसऱ्या मजल्यावरच्यांना दिसायची सोयच नव्हती.

"उचल की बोट," मी गसला म्हटलं.

"कुणाला? नर्सला?" गस म्हणाला. "लिंकनची ती. त्यांना काय कळतंय त्यातलं."

म्हणजे माणसं वाईट नव्हती. उंच होती. तरी मला ते पुरेसं वाटलं नाही. वाईट नसलेल्या माणसांनी व्हर्लिनला महिनाभर ओलांडून टाकलं होतं, आणि त्याला ते माहीत नव्हतं एवढंच काय ते बरं होतं.

तेही फार दिवस टिकलं नाही. एका सोमवारी लव्हॉननं मागवलेली बसायची उशी आली. पेटीत मावेना, म्हणून मी दारापर्यंत गेले. तेवढ्यात गसची बायको आर्लिस आपल्या गाडीतून उतरली. हातात काचेचं मोठं भांडं, वर चांदीचा कागद. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर 'व्होंड्रा' लिहिलेलं असणार हे मला न बघता माहीत. आमच्याकडे दुखण्याला आणि मरणाला असं भांडं जातं. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, त्यात मटण नाही पण मासे चालतात, म्हणजे आत टूना मासा आणि नूडल्स. आर्लिसचा चेहरा थेट दफनभूमीचा.

दार लव्हॉननं उघडलं. हाताला पीठ, गालाला पीठ, आतून कोलाच्यांचा, फळं भरलेल्या गोड पावांचा, वास.

"अगं बाई," आर्लिस म्हणाली. "तू उभी आहेस!"

"मग काय लोळू? कोलाचे करतेय. या दोघी, आत या."

"नर्सनं परवानगी दिली का उठायची?"

"कुठली नर्स?"

"ही काय, बाहेर गाडी उभी आहे तिची." आर्लिसनं आवाज खाली आणला, पण आर्लिसचा खाली आणलेला आवाज शेजारच्या शेतात ऐकू जातो. "लव्हॉन, तुला कुणी सांगणार नाही, पण मी मैत्रीण आहे. व्हर्लिनची पिकअप रोज रात्री गिरणीपाशी असते."

लव्हॉन क्षणभर तिच्याकडे बघत राहिली आणि मग दाराला टेकून इतकी हसली की तिला बोलवेना. "ती विकली गं! एलिसेओला, महिना झाला! आणि नर्सची कसली, गाडी माझी आहे. मी चालवते!"

"तू? ती?"

एवढ्यात आतून व्हर्लिन आला. स्वयंपाकघरात रेडिओवर मक्याचे भाव चालू होते. तो भिंतीला हलकेच हात लावत आला आणि मान वाकडी करून आर्लिसच्या आवाजाकडे बघत हसला.

"आर्लिस, काय नर्स नर्स लावलंयस? चेष्टा करतेस होय? परवाच पुलाजवळ मला बोट उचललंस की."

"मी?" आर्लिस म्हणाली. "कधी?"

मी उशीच्या खोक्यावरचा पत्ता वाचायला लागले. तो मला पाठ होता.

"आणि गस रोज उचलतो," व्हर्लिन म्हणाला. आवाजातलं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. "फादर उचलतात."

आर्लिसनं लव्हॉनकडे बघितलं, लव्हॉननं हाताच्या पिठाकडे. व्हर्लिनला चेहरे दिसत नव्हते, पण गप्प बसणं त्याला नीट ऐकू आलं. तो वळला, भिंतीला हात लावत परत गेला आणि त्यानं रेडिओ बंद केला.

आर्लिस भांडं घेऊन तशीच उभी. भरलेलं भांडं परत नेणं आमच्याकडे बसत नाही. शेवटी लव्हॉननंच डोळे पुसून सांगितलं, "गिरणीपाशी दे ते. त्या मुलाला इतके दिवस मान फिरवून दाखवलीत ना, जा आता." आणि आर्लिस गेली, हे मला सांगितलं पाहिजे. बोलण्यात ती फटकळ आहे, पण गेली. दुसऱ्या दिवसापासून एलिसेओला पुन्हा बोटं मिळायला लागली, आणि या वेळी ती पिकअपला नव्हती, एलिसेओला होती.

व्हर्लिनच्या डोळ्यांचं आता सगळ्यांना कळलं. त्यानं मात्र घराबाहेर पाय टाकणं बंद केलं. लव्हॉन बोलली, रडली, चिडली. तो म्हणाला, तुझ्यावर राग नाही माझा. "महिनाभर मी भिंतींना नमस्कार करत फिरलो," एवढंच म्हणाला. शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये उपासाच्या दिवसांत वर्षातून एकदाच होणारं माशांचं जेवण होतं. त्या हॉलचं छप्पर घातल्यापासून मासे तळायला व्हर्लिन. पिठात काय घालतो ते कुणाला माहीत नाही, आणि तेल किती तापलं ते तो नुसत्या आवाजावरून सांगतो. या वर्षी त्यानं निरोप पाठवला, दुसरं कुणी बघा.

गुरुवारी लव्हॉन पेटीपाशी होती. "गाडी विकते मी," ती म्हणाली.

"खबरदार!"

"अगं, तीच नडली. पिकअपमध्ये शेजारी बसला असता तरी लोकांनी उचललं असतं. मला माझे पाय पोचायला हवे होते, म्हणून त्याचं सगळं गाव गेलं."

मला इतकं वाईट वाटलं की मी तिच्यावरच ओरडले. बारा वर्षांनी बाईच्या हातात किल्ली आली होती. को-ऑपमध्ये जाऊन मी टेबलावरही ओरडले. गसचा चेहरा पडलेलाच होता. तो म्हणाला, उद्या आम्ही सगळे रस्त्यावर उभे राहतो, ती गाडी आली की हॉर्न वाजवतो, हात हलवतो, त्याला कळेल असं.

"असलं काही केलंत तर तो पुन्हा कधी दिसणार नाही तुम्हाला," मी म्हटलं. "कीव त्याला डोळ्यांशिवाय दिसते."

"मग काय करू?" गस विचारायला लागला.

शुक्रवारी शेवटच्या पेट्या करून मी परत येत होते. ऊन कलतीला लागलं होतं. काऊंटीच्या फाट्यावर, जिथून एक रस्ता हॅव्लिकला जातो आणि एक कुचेरांच्या घराकडे, तिथे ती हिरवी गाडी आपल्या बाजूला उभी होती. दिवे उघडझाप करत होते. लांबूनच कळलं की आत भांडण चाललंय. लव्हॉनचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि मान त्याच्याकडे. नुसतं फिरवून आणते म्हणून तिनं त्याला बाहेर काढलं असणार, आणि फाट्यावर गाव कुठल्या बाजूला आहे ते त्याला न बघता कळलं असणार, आणि ती त्याला चर्चच्या हॉलवर नेतेय हेही.

मी समोरून येत होते. आमच्याकडे समोरासमोरच्या दोन गाड्या रस्त्यातच थांबतात, काचेला काच लावून माणसं बोलतात, मागच्यानं थांबायचं. पण तसं केलं असतं तर माझी रिकामी बाजू लव्हॉनकडे आली असती, आणि मी पार पलीकडे. माझं स्टिअरिंग उजवीकडे. व्हर्लिनही उजवीकडे. मी विचार केला नाही. सरळ चुकीच्या बाजूला घुसले, रस्त्याच्या कडेच्या गवतात चाकं घातली, आणि माझी काच त्याच्या काचेला आणून लावली.

इतक्या वर्षांत मी व्हर्लिनशी कधी अशी बोलले नव्हते. तो वर असायचा, मी खाली. मला त्याची हनुवटी आणि टोपीची कड दिसायची. आता त्याचं तोंड माझ्या तोंडासमोर होतं, हातभर अंतरावर, एकाच उंचीवर. दाढी केलेली नव्हती.

"कोण ते?" तो म्हणाला. "चुकीच्या बाजूला कोण आलंय गाढव?"

"टपालखातं."

त्यानं मान वळवली, जरा खाली केली, डोळ्याच्या कडेनं मला न्याहाळायला लागला. बराच वेळ. मी हलले नाही.

"ट्विला, तू केस कापलेस?"

"कधीचे कापलेत रे."

"आणि चष्मा?"

"तोही कधीचाच आहे. तू कधी बघितलंस माझ्याकडे?"

"पिकअपमधून तुझा दिवा दिसायचा," तो म्हणाला. "तो पिवळा. तो दिसला की मी बोट उचलायचो."

"म्हणजे इतकी वर्षं तू दिव्याला बोट उचलत होतास?"

"तसंच म्हणायचं."

"आणि मला वाटायचं मला."

मागे कुणाची तरी गाडी येऊन उभी राहिली होती, वाट अडवली होती मी. व्हर्लिननं सुस्कारा सोडला. "चल लव्हॉन, घरी," तो म्हणाला. आणि निरोपाचं, निव्वळ सवयीचं म्हणून, काचेच्या कडेवर ठेवलेल्या हाताचं त्याचं बोट वर झालं.

मी माझं उचललं. हात हलवला नाही, हसले नाही, तोंडातून शब्द काढला नाही.

लव्हॉननं श्वास घेतला. महिनाभराची तिची सवय, सांगायला तिचं तोंड उघडलंच होतं.

"थांब, सांगू नकोस," व्हर्लिन म्हणाला. "हे मला दिसलं."

मागची गाडी लाल पिकअप होती. एलिसेओ हॉर्न न वाजवता थांबला होता.

"गावाकडे घे," व्हर्लिन म्हणाला. "त्या मूर्खांनी एव्हाना तेल करपवलं असेल."